परदेशी स्थायिक झाल्यावर आपला वाहन परवाना बदलून मिळावा, की परीक्षा पुन्हा द्यावी?

जालनेकर (सध्या जर्मनीत)

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जालना, संभाजीनगर, लातूर, नांदेडकडची जी मुले-मुली त्या आशेने जर्मन भाषा शिकत आहेत, त्यांच्याशी व्हिसा, पदवीची मान्यता, घरभाडे या सगळ्यांवर बोलणे होते. वाहन परवान्याचा विषय मात्र निघत नाही. जर्मनीत रहिवास सुरू झाला की भारतीय परवाना सर्वसाधारणपणे सहा महिनेच चालतो. पुढे जर्मन परवाना घ्यावा लागतो, आणि परवाना बदलून देण्याच्या त्यांच्या यादीत भारत नसल्यामुळे लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

हा नियम मला अन्यायाचा वाटतो. त्याच यादीत दक्षिण आफ्रिका आहे, नामिबियाही आहे. दक्षिण आफ्रिकेत लोकसंख्येच्या मानाने रस्त्यावरचे मृत्यू भारतापेक्षा अधिक होतात, तरीही तिथला परवाना जर्मनीत बदलून मिळतो आणि ब्रिटनमध्येही मिळतो. मग हा प्रश्न केवळ सुरक्षिततेचा कसा म्हणायचा? दोन सरकारे एकमेकांशी काय बोलली, यावरही तो अवलंबून आहे. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा पाहा. परदेशातील सक्षम अधिकाऱ्याने दिलेला परवाना ज्याच्याकडे आहे, त्याला त्या वर्गाच्या वाहनासाठी कलम ९ नुसार चालविण्याच्या चाचणीतून सूट मिळते. आपण त्यांच्या कागदावर विश्वास ठेवायचा आणि त्यांनी आपल्या कागदावर ठेवायचा नाही, हे बरोबरीचे नाते नव्हे. गळीत हंगामात रात्रीच्या वेळी, मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या जोड-ट्रॉल्यांच्या मागून वाट काढत ज्याने बीड-परभणी भागात वर्षानुवर्षे गाडी चालवली, त्याला नवशिक्यांच्या रांगेत उभे करू नये. मनुष्यबळाच्या करारातच परवान्याचे कलम असायला हवे होते.

लातूरची प्रशिक्षिका

जालनेकर भाऊ, कलम ९ विषयी तुम्ही लिहिले ते बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आपण सूट देतो म्हणून त्यांनीही द्यावी, असे म्हणण्याआधी आपला परवाना नेमके कशाचे प्रमाणपत्र आहे, हे पाहिले पाहिजे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि जर्मनीत २,७८८. लोकसंख्येशी ताडून पाहिले तर आपल्याकडे लाखामागे सुमारे १२ आणि त्यांच्याकडे साडेतीनच्याही आत. दक्षिण आफ्रिकेला सवलत आहे हे खरे. पण त्यामुळे फार तर त्यांची यादी सैल ठरेल, आपली चाचणी कडक ठरत नाही.

मी मुलामुलींना गाडी शिकवते, म्हणून चाचणी जवळून पाहते. मैदानात गाडी पुढे नेली, मागे घेतली, दुचाकीवर आठचा आकडा काढला की बहुतेकांचे काम होते. वाहत्या रहदारीत लेन बदलताना आरसा पाहिला का, मान वळवून खांद्यामागे पाहिले का, पादचाऱ्यासाठी थांबला का, हे कोण तपासते? जर्मनीतली प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची असते आणि ती शहरातल्या खऱ्या रस्त्यांवर घेतली जाते.

एकच उदाहरण बारकाईने सांगते. तिथल्या निवासी वस्तीत बिनफलकाच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, मग तो मोठ्या वाटणाऱ्या रस्त्यावरून येवो की गल्लीतून. उजवीकडून येणारा वेग कमी न करता पुढे निघतो, कारण तुम्ही थांबणार याची त्याला खात्री असते. आपल्याकडे अशा चौकात ज्याने आधी तोंड घातले तो पुढे जातो आणि दुसरा करकचून ब्रेक दाबतो. तुमचा उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढणारा चालक निःसंशय तरबेज आहे. पण समोरचा नियम पाळणार नाही हे धरून चालण्यात तो तरबेज आहे. तिथे समोरचा नियम पाळणारच, हे धरून गाडी चालवायची असते. ही सवय नव्याने लावावी लागते. त्यासाठी परीक्षा घेतली तर त्यात अपमान कसला?

परभणीकर (सध्या इंग्लंडमध्ये)

प्रशिक्षिका ताईंशी मी सहमत आहे. इथे रहिवासी झाल्यापासून भारतीय परवाना १२ महिने चालतो. त्यानंतर तात्पुरता परवाना काढून लेखी आणि मग प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात, शिवाय चित्रफितीत धोका नेमका केव्हा दिसू लागला ते ओळखण्याची वेगळी चाचणी असते. या चाचणीची तयारी करताना पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून एखादे मूल धावत येऊ शकते, हे पाहण्याची नजर तयार होते आणि ती कायम राहते. माझी तक्रार परीक्षेविषयी नाही, तिची तारीख लवकर मिळत नाही याविषयी आहे. बारा महिने पुष्कळ आहेत म्हणून थांबू नका. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: इथे ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा उत्तीर्ण झालात, तर गिअरची गाडी त्या परवान्यावर चालवता येत नाही.

नांदेडचा ट्रकचालकाचा मुलगा

तुम्ही सगळे स्वतःच्या कारविषयी बोलत आहात. आमच्यासारख्यांच्या घरात परवाना ही भाकरी आहे. युरोपात ट्रक आणि बसच्या चालकांची टंचाई आहे, म्हणून आमच्याकडच्या पोरांना बोलावणी येतात. तिथे पोचल्यावर जड वाहनाचा परवाना तर नव्याने काढावा लागतोच, त्यावर धंदेवाईक चालकाची वेगळी पात्रताही मिळवावी लागते. साध्या कारचा परवाना पहिल्यापासून काढायचा तर जर्मनीत अडीच-तीन हजार युरो सहज लागतात. जड वाहनाचा खर्च त्याहून मोठा. हा पैसा इथे शेत गहाण टाकून उभा होतो. ताई, तुमचा चौकाचा नियम मला शंभर टक्के मान्य आहे, पण तो शिकण्याची किंमत कोणी सोसायची, हे तुमच्या उत्तरात आले नाही. ज्याला चालक हवा आहे, त्या मालकाने ती सोसावी आणि शिकत असतानाचा पगारही द्यावा. तसे लेखी मिळाल्याशिवाय आमच्या पोरांनी सही करू नये.

संभाजीनगरचे निवृत्त कर्मचारी

एक गैरसमज वारंवार ऐकू येतो, म्हणून लिहितो. आरटीओतून मिळणारे आंतरराष्ट्रीय परमिट हा वेगळा परवाना नव्हे. तो आपल्या मूळ परवान्याचा, इतर देशांना वाचता येईल असा अनुवाद आहे. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही. परमिट एक वर्षाचे असले, तरी त्यामुळे जर्मनीतली सहा महिन्यांची मुदत वाढत नाही. मुदतीनंतर तिथे गाडी चालवणे म्हणजे विनापरवाना चालवणे, आणि तो फौजदारी गुन्हा आहे. तसेच भारतातला परवाना मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत नूतनीकरण करून घ्यावा. त्याहून उशीर झाला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पुन्हा चाचणी द्यावी लागते.

जालनेकर (सध्या जर्मनीत)

ताई, परीक्षेला माझा विरोध आहे असे समजू नका. उजवीकडच्या गाडीचा नियम इथे माझ्याही रोजच्या वापरातला आहे, आणि तो न शिकता कोणी स्टिअरिंग धरू नये. माझा आक्षेप सरसकटपणाला आहे. बारा वर्षे निर्धोक गाडी चालवलेला माणूस आणि काल लर्निंग काढलेला मुलगा यांना एकाच मापाने का मोजावे? अनुभवी चालकाला लेखी परीक्षेतून सूट देऊन फक्त रस्त्यावरची परीक्षा घ्यावी, एवढी सवलत आपले सरकार मागू शकते. नांदेडच्या भाऊंचा खर्चाचा मुद्दा तर करारात पहिल्या पानावर यायला हवा.

लातूरची प्रशिक्षिका

मी नेमके उलट म्हणेन: सूट द्यायचीच असेल तर ती सरावाच्या तासांत द्यावी, लेखीत नको. तासांची सक्ती तुमच्यावर तशीही नाही. भारतीय परवानाधारकाला ड्रायव्हिंग स्कूलमार्फत परीक्षेला बसावे लागते, पण किमान तास भरण्याचे बंधन त्याला नसते. अनुभवाचे मोल तिथे आधीच धरलेले आहे. चौकात कोणी आधी जायचे, हे मात्र अनुभवातून कळत नाही, ते वाचावेच लागते. जर्मनीची लेखी परीक्षा जर्मनखेरीज इंग्रजी, तुर्की, अरबी अशा बारा भाषांत देता येते. त्यांत हिंदी नाही आणि मराठीही नाही. शासनाला काही मागायचे असेल तर ही भाषा मागावी, म्हणजे इंग्रजीत कच्चा असलेला नांदेडचा चालकही गावी बसून नियम पाठ करून जाईल आणि तिथल्या महागड्या तासांचा त्याचा खर्चही कमी होईल.

नांदेडचा ट्रकचालकाचा मुलगा

भाषेची मागणी मान्य आहे, ताई. पण पगाराची अट मी सोडणार नाही.