शेवटच्या भागातला पत्त्यांचा डाव

परवा ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळ मालिकेचा शेवटचा भाग पुन्हा पाहिला. ‘ऑल गुड थिंग्ज...’, मे १९९४, दोन तासांचा. कॅप्टन पिकार्ड तीन काळांत भिरभिरतोय: सात वर्षांपूर्वी ‘एंटरप्राइझ’ या अंतराळ-जहाजावर रुजू झाला तो दिवस, चालू वर्तमान, आणि पंचवीसेक वर्षांनंतरचं म्हातारपण. वर तो आगाऊ, सर्वशक्तिमान क्यू पहिल्या भागात मानवजातीवर भरलेला खटला पुन्हा उकरून काढतो. पृथ्वीवर जीव निर्माण होणार की नाही इथपर्यंत प्रकरण जातं. आणि एवढ्या सगळ्याचा शेवट कसला, तर पत्त्यांचा डाव! माझे डोळे पुन्हा भरले. बायको म्हणाली, “कोण गेलं?”

तुम्ही कधी, कुठे, कुणाबरोबर पाहिलात? हातचं न राखता लिहा. तीस वर्षं उलटून गेल्यावर ‘शेवट फोडू नका’ वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

*टोरांटोकर*
मी स्कायडोममध्ये होतो! २३ मे, सोमवार, व्हिक्टोरिया डेची सुट्टी. बेसबॉलचं ते अवाढव्य स्टेडियम आणि स्कोअर दाखवायच्या पडद्यावर मालिका बघणारी हजारो माणसं. आवाज असा घुमायचा की अर्धे संवाद कळलेच नाहीत. मी जॅकेटच्या खिशात पोळीभाजीची गुंडाळी लपवून नेली होती. पहिल्याच वर्षी मारून टाकलेली टाशा यार पुन्हा दिसल्याबरोबर हातातली भाजी पुढच्याच्या पाठीवर. त्याला अजून माहीत नाही.

*डोंबिवली फास्ट लोकल*
आमच्याकडे केबलवर आला तेव्हा मी दहावीत. तिन्ही काळांतली तीन जहाजं अवकाश-काळाला पडलेल्या त्या विवरात, ते बुजवायला, शिरतात. पहिलं फुटलं, दुसरं फुटलं, आणि लाईट गेली! नऊ-दहा वर्षं मी मित्रांना ठामपणे सांगत होतो की सगळे मेले. खरा शेवट कळला तो भाड्याच्या सीडीवर. ज्यांना सांगितलं होतं त्यातल्या दोघांना फोन करून माफी मागितली.

*द्राक्षबागवाला*
दिंडोरी तालुका. मी हा भाग फार उशिरा, २०१६ साली पाहिला. म्हातारा पिकार्ड फ्रान्समध्ये आपल्या गावी द्राक्षाच्या वेलींमध्ये काम करतोय. भेटायला आलेला जॉर्डी, त्याचा जुना इंजिनिअर, पान बघून म्हणतो की नागअळी दिसतेय, फवारणी करा. मी ताडकन उठून बसलो. अंतराळाच्या मालिकेत नागअळी!

पण त्या भागाने धरून ठेवलं ते दुसऱ्याच कारणाने. पिकार्डला मेंदूचा आजार आहे. तो सांगतोय की मी काळ ओलांडून जातोय, आणि भोवतालचे एकमेकांकडे बघतात. नुसत्या मायेपोटी त्याला साथ देतात. आमचे वडील तेव्हा असेच झाले होते. एप्रिलात खरड छाटणी चाललेली असताना ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीच्या मजुरांचा हिशेब मागायचे. “काल आण्णा येऊन गेला,” म्हणायचे. आण्णा म्हणजे माझे चुलते, १९८८ साली गेलेले. मी दर वेळी खोडून काढायचो, ते गप्प व्हायचे. हातात कात्री दिली की मात्र काडी कितव्या डोळ्यावर कापायची ते बिनचूक.

तो भाग पाहिल्यावर खोडणं सोडलं. पुढच्या वेळी विचारलं, “आण्णा काय म्हणाला?”
“पाऊस धरतोय म्हणाला. माल झाकून घ्या.”
माल वगैरे काही नव्हता तेव्हा. मी म्हटलं, झाकतो.

*शंकासुर*
रडारडीत व्यत्यय आणतो, माफी. ते विवर, म्हणजे ती विसंगती, तिन्ही काळांतून एकाच जागी सोडलेल्या तीन किरणांमुळे तयार होते आणि काळात उलटी वाढते ना? म्हणजे भूतकाळात मोठी, भविष्याकडे येताना लहान. मग भविष्यातला किरण सोडून झाल्यावर काही तासांनी ती उगवते कशी? आधीच दिसायला हवी! शिवाय तो तिसरा किरण एंटरप्राइझचा नव्हताच, ‘पाश्चर’ या रुग्णालय-जहाजावरून सोडला होता. तरी विज्ञानकथांसाठीचा १९९५चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मिळू दे, मीही चार वेळा पाहिलाय. जुन्या ‘स्टार ट्रेक’चा शेवटचा भाग आठवा, जून १९६९चा. कॅप्टन कर्कच्या देहात दुसरंच कुणीतरी शिरतं, ते निस्तरतात, संपलं. ना निरोप ना काही.

*निवृत्त शाखाधिकारी*
माझं थोडक्यात. आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत मेंढीकोट चालायचा. मी केबिनमध्ये एकटाच डबा खायचो, साहेब ना! मुलीच्या आग्रहाने हा भाग पाहिला. सात वर्षं अधिकारी पोकर खेळतात आणि पिकार्ड कधी त्या टेबलावर बसलेला नाही. शेवटी येतो, म्हणतो, हे फार आधी करायला हवं होतं. जहाजावरची समुपदेशक ट्रॉय म्हणते, तुम्हाला कधी मनाई नव्हती.

निवृत्तीला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बाहेर गेलो. एकदम शांतता. शिपायाने खुर्ची सरकवली. पहिल्याच डावात चारही मेंढ्या समोरच्यांकडे. माझा भिडू, आमचा कॅशियर, पत्ते आपटून म्हणाला, “अहो साहेब, हुकूम हातात होता ना? मग ठेवला कशाला?”