रश्श्याची वाटी शोकेससाठी नसते

‘कप-वाट्या करण्यात कसली आलीय कला, कारखान्यात स्वस्तात होतात की’ असं कुणीतरी म्हणालं, ते अर्धंच पटलं. स्वस्तात होतात, खरंय. पण तांबडा रस्सा ओरपायची वाटी कशी असावी, हे कोल्हापूरकराला कारखान्यानं का सांगावं? मी मातीची भांडी घडवते. मी करते ती वाटी जरा खोल, तोंडाशी किंचित आत वळलेली. रस्सा लवकर निवत नाही. कड ओठाला बोचू नये म्हणून ओल्या चामड्याच्या तुकड्यानं दाबून गोल करते. बुडाला कडं ठेवते, गरम वाटी उचलताना बोटांना आधार मिळतो. माती वाळताना-भाजताना साधारण १०-१२ टक्के आटते, म्हणून चाकावर वाटी मोठीच काढावी लागते. या हिशेबातच माझा जीव रमतो. नक्षीबिक्षी नंतर.

जपानात यानागी सोएत्सु या कलाविचारवंतांनी १९२०च्या दशकात रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूंच्या सौंदर्यासाठी चळवळच उभी केली; १९३६ साली टोकियोत तिचं संग्रहालयही झालं. (आपल्याला मात्र कुंभार गल्ली म्हटलं की फक्त गणपती आठवतात. रांजण-मडकी घडवणाऱ्या हातांचं कौतुक कोण करतंय!)

आणि माठाच्या लाल मातीची वाटी रश्श्याला चालेल का, असं कुणी विचारलं तर: माठाची लाल माती कमी आचेवर भाजतात, ती सच्छिद्र राहते, म्हणून तर पाणी गार होतं. रश्श्याला स्टोनवेअर (भाजून घट्ट झालेलं, पाणी न झिरपणारं मातीचं भांडं) घ्या, साधारण १२०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर भाजलेलं. ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, शिसं नसलेलाच हवा. चिंच-टोमॅटोच्या आंबटानं शिसं जेवणात उतरू शकतं.