आजोळच्या माळ्यावर रेकॉर्ड्सची ट्रंक सापडलीय, प्लेयर कुठला घेऊ?

कवळेकरीण:
नमस्कार मंडळी, मी फोंड्याची, नोकरी पर्वरीला. गाणी ऐकायला लागले तीच मुळी मेमरी कार्डात भरून घेतलेल्या एमपीथ्रीवर, मग यूट्यूब, आता स्ट्रीमिंग, आमच्या घरात साधा सीडी प्लेयरसुद्धा कधी नव्हता. तर झालं असं की म्हार्दोळला आजोळचं घर रंगवायला काढलंय आणि माळ्यावरनं एक पत्र्याची ट्रंक खाली आली, उघडली तर आत नुसत्या रेकॉर्ड्स. आजोबा गिरगावात नोकरीला होते, रिटायर होऊन गावी आले तेव्हा घेऊन आले असणार असं आई म्हणते. काही जाडजूड आणि जड आहेत, एका बाजूला एकच गाणं, त्यातली एक तर उचलतानाच कडेला टवका उडालेली दिसली. बाकीच्या पातळ, जरा वाकतात, त्यांना मोठी चित्राची कव्हरं आहेत. मास्टर दीनानाथ आहेत (म्हणजे शेजारच्या मंगेशीचेच की), बरीच भजनं, हिंदी सिनेमे, थोड्या कोंकणी, आणि चक्क एक पोर्तुगीज गायिका अमालिया रॉड्रिग्ज, आजोबांना फादोचं, म्हणजे त्या पोर्तुगीज गाण्यांचं, वेड कुठनं लागलं ते आईलाही ठाऊक नाही. सोबत एचएमव्हीचा फिएस्टा आहे, बॅगेसारखा बंद होणारा, त्याची वायर उंदरांनी खाल्लीय.

मला हे सगळं ऐकायचंय. फिएस्टा दुरुस्त करून घेऊ की नवीन टर्नटेबल घेऊ, आणि माझ्याकडे ब्लूटूथ स्पीकर आहे त्याला जोडला तर चालेल का? बऱ्याच रेकॉर्ड्सवर पांढरी बुरशी धरलीय, मामा म्हणतोय स्पिरिटने पुसून टाक एकदाच. भाऊ म्हणतो हे सगळं नेटवर आहे, ट्रंक भंगारात दे. आणि एक मूर्ख प्रश्न, रेकॉर्डचा आवाज खरंच जास्त चांगला असतो की लोक उगाच म्हणतात?

सुई_आणि_सोल्डर (मडगाव):
बाय, आधी मामाला थांबव. आत्ताच्या आत्ता फोन कर.

त्या जाड ठिसूळ आहेत ना, त्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. त्या लाखेच्या असतात, फर्निचरला पॉलिश करताना सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो ते बघितलं असशील, तेच तुझ्या दीनानाथांचं होईल, पृष्ठभागच निघून येईल आणि मग ब्रह्मदेव आला तरी ती वाजणार नाही. ७८ ला फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या लिक्विड सोपचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनेच फिरवायचा, लेबल भिजू द्यायचं नाही, लगेच मऊ कपड्याने टिपून पंख्याखाली सावलीत उभ्या वाळवायच्या. पातळ आहेत त्या विनाइलच्या एलपी, त्यांना पाण्यात थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलेलं चालतं, पण तुला अजून दोन्हीतला फरक हाताला कळत नाही तोपर्यंत बाटली घरातच आणू नकोस. बुरशी ओली झाल्यावर सुटते पण कव्हरच्या आतला कागद तसाच राहिला तर पुढच्या पावसात परत येते, तेव्हा आतले जुने कागदी पाऊच फेकून प्लास्टिकचे नवीन घाल, बाहेरची कव्हरं मात्र जपून ठेव. आणि हे काम आता भर पावसात करू नकोस, इथे टॉवेल वाळत नाही तर रेकॉर्ड काय वाळणार, चवथ होऊन हवा कोरडी पडली की कर. तोपर्यंत ट्रंकेतून बाहेर काढून उभ्या ठेव, एकावर एक आडव्या नाही, भिंतीला चिकटून नाही, सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि ऊन लागणार नाही असं बघ, विनाइल उन्हाने वाकडं होतं.

आता सुईचं. सगळे लोक टर्नटेबल कुठला म्हणून विचारतात, सुई कुठली हे कोण विचारत नाही, आणि सगळं त्या सुईवर आहे. ७८ ची खाच रुंद असते, तिच्या सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉनचं, एलपीच्या सुईचं १८ ते २५. एलपीची सुई ७८ वर ठेवलीस तर ती खाचेच्या तळाशी घसरते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते, उलट ७८ ची सुई एलपीवर टेकवलीस तर एलपीचं वाटोळं, एकदा घासलेली खाच परत होत नाही. फिएस्टासारख्या प्लेयरमध्ये जुनं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) असतं, त्या काळच्या बऱ्याच मशीनमध्ये सुई उलटवायची सोय असायची, एक बाजू ७८ ची, एक एलपीची, आणि पन्नास वर्षांनी कुठली बाजू वर आहे नि टोक शिल्लक आहे का हे भिंगाखाली बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. वजनही ५ ग्रॅमच्या पुढे पडतं, आजचं साधं मॅग्नेटिक कार्ट्रिज २ ग्रॅमच्या आसपास चालतं. फिएस्टा दुरुस्त होतो, वायर ही काही अडचण नाही, आतलं रबर कडक झालं असेल तेही बदलता येतं, आजोबांची आठवण म्हणून कर जरूर. पण चांगल्या एलपी त्याच्यावर लावू नकोस. आणि हो, ऑनलाइन ते रंगीत बॅगवाले नवीन प्लेयर मिळतात ना स्वस्तात, त्यातल्या बहुतेकांत हेच सिरॅमिक कार्ट्रिज असतं, फक्त वर ब्लूटूथचा दिवा लावलेला.

तुझ्याकडे ७८ आहेत म्हणून सांगतो, ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स टर्नटेबल सगळे सुचवतील, चांगला आहे, बटन दाबलं की हात आपोआप जातो, पण त्यात ३३ (एलपीचा) आणि ४५ एवढेच स्पीड आहेत. एलपी१२०एक्समध्ये ७८ चा स्पीड आहे, मागचं वजन फिरवून सुईचा दाब बदलता येतो, आणि पुढचं हेडशेल, म्हणजे हाताच्या टोकाचा कार्ट्रिज बसवायचा तुकडा, काढता येतं. एका हेडशेलवर एलपीची सुई, दुसऱ्यावर ७८ ची, हवं ते लावायचं. पैसे जास्त जातील.

वास्कोचा_डेसिबल:
मेकॅनिक काकांनी सगळं बरोबर सांगितलं, मी फक्त शेवटच्या प्रश्नाला उत्तर देतो कारण त्यावर कोणीच खरं बोलत नाही. नाही, आवाज जास्त चांगला नसतो. सीडीची डायनॅमिक रेंज (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) ९६ डेसिबल, चांगल्या एलपीची ६०-७०, ज्याला पटत नाही त्याने मोजून बघावं. एलपीच्या आतल्या भागात शेवटचं गाणं असतं तिथे तर सुईखालून दर सेकंदाला खाचेची कमी लांबी जाते, त्यामुळे वरचे सूर फाटतात, म्हणून मोठा आवाज असलेलं गाणं शेवटी ठेवायचं नाही असं पूर्वीचे लोक बघायचे. आणि आज दोन-तीन हजारांना जी नवीन एलपी विकतात ती बऱ्याचदा डिजिटल मास्टरवरनंच कापलेली असते, म्हणजे तुमच्या फोनात आहे तेच, फक्त फिरतंय.

ब्लूटूथचं म्हणशील तर चालतं, पण मग रेकॉर्डचा आवाज परत डिजिटल करून, कॉम्प्रेस करून हवेतून पाठवायचा, इतका खटाटोप कशाला. त्यापेक्षा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन वायरवाले स्पीकर शोध, गोव्यात लग्नाच्या बॅन्डवाल्यांकडे आणि आखातातून परत आलेल्यांच्या घरी भरपूर पडून आहेत. पण एक लक्षात ठेव, मॅग्नेटिक कार्ट्रिजमधनं फक्त ४-५ मिलिव्होल्ट येतात, ॲम्प्लिफायरच्या साध्या ऑक्स इनपुटला शेकडो लागतात, म्हणून मध्ये फोनो प्रीॲम्प हवा. तो नुसता आवाज वाढवत नाही. एलपी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे चढवतात, नाहीतर तबल्याच्या डग्ग्याने खाचा एवढ्या रुंद होतील की एका बाजूला वीस मिनिटं मावणारच नाहीत, आणि वाजवताना प्रीॲम्प ते उलटं करतो. त्याचं एक ठरलेलं प्रमाण १९५४ साली आलं, त्याआधी जो तो आपल्या मनाने करायचा, म्हणून जुन्या ७८ त्या प्रीॲम्पवर थोड्या वेगळ्या वाजतात, टोन कंट्रोल फिरवून कानाला बरं वाटेल तसं ठेव. एलपी१२०एक्समध्ये प्रीॲम्प आतच आहे, मागे स्विच असतो. ॲम्प्लिफायरलाही फोनो इनपुट असेल तर दोन्हीतला एकच वापरायचा.

सांखळीचा_श्रोता:
डेसिबलबाब, तुमचं मोजमाप मान्य, पण भावाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. सगळं नेटवर आहे हे खरं नाही हो. मोठ्या नावांचं आहे, दीनानाथांचं आहे, केसरबाईंचं आहे, पण जुन्या कोंकणी ईपी (दोन-चार गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड्स), कुठल्या तरी एका नाटकाची दोन पदं, स्थानिक भजनी मंडळीच्या रेकॉर्ड्स, यातलं किती तरी कोणी चढवलेलंच नाही, आणि चढवलंय तिथे खरखर काढायच्या नादात गळ्यातली हवा पण काढून टाकलेली असते. हिंदी सिनेमांच्या कव्हरची मागची बाजू वाच, संगीतकाराचं नाव ठळक, आणि ज्यांनी व्हायोलिनं लिहून काढली ते आमचे गोंयकार सेबास्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, त्यांचा बहुतेक वेळा पत्ताच नाही. आपल्या लोकांचं काम आपल्याच घरात माळ्यावर पडलेलं असायचं आणि त्यावर नाव नाही, मला याचा दर वेळी राग येतो.

७८ च्या दहा इंचीवर साधारण तीन मिनिटंच मावायची, त्यामुळे त्या काळच्या गवयांनी अख्खा राग तेवढ्यात बसवून दाखवलाय, आलाप-बिलाप नाही, पहिल्या सुरातच राग उभा. ते ऐकायला लागलं की आजचे तासाभराचे ख्याल कधी कधी सैल वाटायला लागतात, हे माझं वैयक्तिक मत, शिव्या द्या.

आणि सुईचं महत्त्व सांगायला काकांना एवढं लिहायची गरज नव्हती. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या, त्यात आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई पण बांधून दिलीय हे कमी लोकांना माहीत असतं. फेरे ठेवले मिनिटाला १६ आणि दोन तृतीयांश, म्हणजे एलपीच्या बरोबर निम्मे, जास्त मावावं म्हणून. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. तर परग्रहावरच्याला सुद्धा सुई बदलून चालत नाही, मामाला सांग.

नवीन घ्यायच्या असतील तर हणजूणच्या बुधवारच्या बाजारात जपूनच, टुरिस्टाचा भाव लावतात, कव्हर चांगलं दिसतं म्हणून घेऊ नकोस, रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरकी धर, राखाडी झालेली चमक दिसली तर ती जड सुईने झिजलेली, धुवून काही होत नाही. मुंबईला जाणं झालं तर चोर बाजार.

कवळेकरीण:
बापरे, सगळ्यांना थँक्यू, मामाला थांबवलं, तो थोडा रागावलाय. ७८ आणि एलपी वेगळ्या करून मामीच्या रिकाम्या कपाटात उभ्या ठेवल्या. भावाला सांखळीच्या श्रोत्याचं लिहिलेलं दाखवलं, तो म्हणाला मग केसरबाईंची भैरवी ऐकव, म्हटलं ती आपल्या ट्रंकेत नाही बाबा.

तोवर ऑफिसमधल्या एकाने त्याचा जुना बेल्टवाला टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायर चार दिवसांसाठी दिलाय, सुई गेल्याच वर्षी बदललेली आहे म्हणतो. बऱ्या अवस्थेतली, बुरशी नसलेली एलपी म्हणून अमालिया लावली. आवाजाचं मोजमाप मला कळत नाही पण फोनवर मी एक गाणं पूर्ण होईपर्यंत थांबतच नाही, इथे उठून पुढे ढकलायचा कंटाळा येतो म्हणून अख्खी बाजू ऐकली, आणि आई स्वयंपाकघरातनं येऊन बसली. फक्त एक त्रास आहे, पूर्ण वेळ मागे घूंऽऽऽ असा आवाज, गाणं नसताना तर जास्तच. टर्नटेबलच्या मागनं लाल-पांढऱ्या वायरींसोबत एक बारीक हिरवी वायर लोंबतेय, टोकाला चिमट्यासारखं काहीतरी, ती कुठेच लावलेली नाही. रेकॉर्डच खराब असेल का?

सुई_आणि_सोल्डर (मडगाव):
रेकॉर्ड बरी आहे गो. ती हिरवी म्हणजे ग्राउंडची वायर. ॲम्प्लिफायरच्या मागे फोनो इनपुटच्या शेजारी एक स्क्रू असेल, तो सैल करून चिमटा त्याखाली दाबून घट्ट कर, आवाज बंद करून मग कर हे सगळं. नव्वद टक्के तिथेच थांबेल. नाही थांबला तर टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या वर ठेवलाय का बघ, खालचा ट्रान्सफॉर्मर घुमतो, दोघांना हातभर लांब ठेव. तरी राहिला तर घराच्या अर्थिंगचा प्रश्न, जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकाला मागे काहीच जोडलेलं नसतं. वायरमनला बोलाव, रंगकाम चालूच आहे तर भिंत फोडायची तर आत्ताच फोड.

वास्कोचा_डेसिबल:
ग्राउंडच असणार, काकांना माझा दुजोरा. एक विनंती, त्या कोंकणी रेकॉर्ड्सचे लेबलवरचे नंबर आणि लेबलच्या बाहेर गुळगुळीत भागात कोरलेले आकडे इथे टाकशील का, तिरक्या उजेडात वाचता येतात. स्वच्छ झाल्या की त्या लॅपटॉपमध्ये पण उतरवून ठेव, मी मदत करतो. ७८ चा स्पीड असलेलं मशीन मिळालं नाही तरी अडत नाही, ४५ वर वाजवून रेकॉर्ड करायचं आणि मग सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवून ७८ ला आणायचा. आणि दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो कर, खरखर बरीच उतरते.

सुई_आणि_सोल्डर (मडगाव):
४५ वर वाजवलीस तरी सुई ७८ चीच लावायची हां. हा पोरगा ते सांगायला विसरला.