मदत हवी आहे: उत्तरेकडच्या गोड्या समुद्राला हिवाळ्यात काय होईल?

मंडळी, एका कल्पनारम्य कादंबरीसाठी दूर उत्तरेला गोड्या पाण्याचा अफाट समुद्र आणि त्याच्या काठाने वसलेलं राज्य रचतोय. पाणी गोड राहायचं तर बाहेर पडणारी नदी हवीच, नाहीतर कॅस्पियनसारखं खारट होणार. म्हणून सायबेरियातल्या बैकाल सरोवरावर बेतलं: तिथे तीनशेहून जास्त नद्या येऊन मिळतात, बाहेर पडते एकटी अंगारा. माझ्याकडेही ज्याच्या हाती ते मुख, तोच राजा. (यावर मी भलताच खूश आहे.)

अडलंय हिवाळ्यापाशी. बैकाल १६४२ मीटर खोल असूनही साधारण जानेवारी ते मे गोठलेलं असतं. उत्तर अमेरिकेतलं सुपीरियर सरोवर ४०६ मीटरच, पण ते क्वचितच पूर्ण गोठतं. माझा समुद्र दोन्हींहून कितीतरी मोठा, वादळी. मग बर्फ काठालगतच धरेल ना? तसं झालं तर बंदरातल्या होड्या अडकणार आणि घसरगाड्याही पलीकडे पोचणार नाहीत, म्हणजे कित्येक महिने दोन्ही किनारे एकमेकांना तुटलेले. कथेला हे फारच सोयीचं आहे, म्हणून जास्त शंका येते.

शिवाय बैकालमधल्या नेर्पासारखे सील इथे ठेवले, तर ते खाऱ्या समुद्रापासून इतक्या आत कसे आले हे सांगावं लागेल का?