लाइटरूम ६ सोडून आता कुठे जावं?

उजनीकाठ:
मंडळी, सल्ला हवाय. मी बारामतीची, नोकरी बँकेत, नाद पक्ष्यांचा. हिवाळ्यातले रविवार भिगवणला रोहित पक्ष्यांमागे होडीत जातात. इतकी वर्षं निकॉन डी७००० कॅमेरा आणि फोटो सुधारायचं लाइटरूम ६ सॉफ्टवेअर यांवर छान चाललं होतं. एकदाच पैसे भरले, विषय संपला. आता भाच्याचा निकॉन झेड५० कॅमेरा घेतलाय, तर त्याच्या एनईएफ (निकॉनच्या कच्च्या, रॉ) फायली लाइटरूम उघडायलाच तयार नाही. भाचा म्हणतो, "मावशी, सबस्क्रिप्शन घे आणि मोकळी हो." अहो, पण जुन्या फोटोंचे स्टार, कीवर्ड, क्रॉप, सगळं लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत आहे. त्याचं काय? लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फुकटातलं डार्कटेबल सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. दोन्ही बाजूंना इतकी बटणं की मधला फोटो शोधावा लागला.

घाटमाथा:
ताई, उघडणार नाहीच. लाइटरूम ६ चं शेवटचं अपडेट, ६.१४, डिसेंबर २०१७ मध्ये आलं आणि झेड५० आला २०१९ ला. तूर्तास अ‍ॅडोबीचाच डीएनजी कन्व्हर्टर उतरवून घ्या, फुकट आहे. अख्खा फोल्डर एकदम डीएनजीत, म्हणजे अ‍ॅडोबीच्या रॉ प्रकारात बदलून देतो आणि त्या फायली तुमचं जुनं लाइटरूम मुकाट्याने उघडतं. मूळ एनईएफ मात्र पुसू नका, पुढे लागतील.

रिकामटेकडा:
निकॉनचं फोटो सुधारायचं एनएक्स स्टुडिओ पण फुकटच आहे की. रंग अगदी कॅमेऱ्यात दिसतात तसे. जरा रेंगाळतं, पण रविवारच्या शंभरेक फोटोंना काय घाई?

लाल दिवा:
भाच्याचं ऐका किंवा नका ऐकू, आधी एक काम करा. लाइटरूम ६ मध्ये सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा. स्टार, कीवर्ड, क्रॉप, एक्सपोजर सगळं प्रत्येक एनईएफशेजारी छोट्या एक्सएमपी फायलीत उतरतं. मग तुम्ही कुठेही जा. कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोवरच्या वेगळ्या सुधारणांच्या नोंदी) आणि पिकचे झेंडे (निवडलेल्या फोटोंच्या खुणा) मात्र त्यात जात नाहीत. झेंडे लावायची सवय असेल तर आधी त्यांचे स्टार करून घ्या, नाहीतर नंतर बसाल हुडकत.

सबस्क्रिप्शनवाल्या लाइटरूम क्लासिककडे गेलात तर हीसुद्धा भानगड नाही. ते जुन्या कॅटलॉगची नवी प्रत बनवतं, जुना जागच्या जागी राहतो. पुढे सबस्क्रिप्शन बंद केलंत तरी फोटो दिसतात, एक्सपोर्ट होतात. डेव्हलप (फोटो सुधारणं) आणि मॅप (नकाशा) तेवढं बंद पडतं. लोक उगाच घाबरवतात.

डार्कटेबल एक्सएमपीतले स्टार, कीवर्ड आणि बराचसा क्रॉप उचलतं. रंगांची अपेक्षा ठेवू नका, तिथे गणितच वेगळं. बटणांना घाबरून सोडू नका हो. एक्सपोजर, सिग्मॉइड (उजेड-अंधाराचा तोल राखणारं) आणि प्रोफाइलवालं डीनॉइज (दाणे घालवणारं), एवढ्यावर पक्ष्यांचं काम भागतं. सिग्मॉइड चालू असेल तर तेच काम करणारं फिल्मिक बंद ठेवा, दोन्ही एकदम लावले की फोटोची माती.

माझं मत विचाराल तर पक्षीवाल्याने पैसे मोजावेत असं एकच कारण आहे: क्लासिकमध्ये एप्रिल २०२३ ला आलेलं एआय डीनॉइज. पहाटेच्या धुक्यात आयएसओ ३२०० वर काढलेल्या रोहितच्या मानेवरची पिसं ते खरोखर वाचवतं. पण ते सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकतं. तुमच्या लॅपटॉपवर एका फोटोला बटण दाबा आणि चहा टाकायला जा. मग पैसे कशाचे भरायचे?

उजनीकाठ:
लाल दिवा काका, कंट्रोल-एस दाबलंय, पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकतेय. व्हर्च्युअल कॉपी बऱ्याच आहेत, त्या वेगळ्या टिफ फायली करून ठेवते. हा हिवाळा डीएनजी आणि डार्कटेबलवर काढीन. सबस्क्रिप्शनचं नवा लॅपटॉप घेतल्यावर बघू. सिग्मॉइडमध्ये कॉन्ट्रास्ट कितीवर ठेवता? माझे रोहित पांढरेफटक पडतायत.

लाल दिवा:
कॉन्ट्रास्ट राहू दे, आधी एक्सपोजर खाली आणा. पिसांना पांढरं पडायची घाई असते. एक फोटो टाका इथे, बघून सांगतो.