स्कोप्येला अर्धा दिवस पुरे

चौथरा: उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीत दोन मुक्काम कशाला? 'स्कोप्ये २०१४' या सरकारी प्रकल्पाने पावलोपावली पुतळे उभे केले. मुख्य चौकातला घोडेस्वार १४.५ मीटरचा, शिवाय खाली चौथरा. कागदोपत्री तो नुसता 'घोड्यावरचा योद्धा', कारण त्याला उघड अलेक्झांडर (सिकंदर) म्हटलं की त्याला आपला मानणाऱ्या ग्रीसशी वाद होता. जुन्या सरकारी इमारतींनाही ग्रीक थाटाचे खांब डकवलेत. सकाळी उतरा, चौक बघा, तेरेसांचं जन्मघर बघा, दुपारच्या बसने तळ्याकाठचं ओह्रिड गाठा.

पायपीट: साफ असहमत. आधी एक दुरुस्ती: मदर तेरेसा १९१० साली स्कोप्येतच जन्मल्या, पण ते जन्मघर नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या जागी २००९ साली बांधलेलं स्मारक आहे.
आणि चौकापासून सुरुवात केली की शहर नकलीच वाटणार. जुन्या रेल्वे स्टेशनपासून निघा. दर्शनी घड्याळ ५:१७ वर थांबलंय. २६ जुलै १९६३ च्या भूकंपाची वेळ. हजारावर माणसं गेली. मग केन्झो तांगे या जपानी वास्तुकाराने मध्यवर्ती भागाचा आराखडा केला. ते काँक्रीटचं शहर डोक्यात ठेवून चौकात या, म्हणजे डकवलेल्या खांबांखाली काय झाकलंय ते कळतं.

चौथरा: झाकलेलं बघायला दोन दिवस?

नक्षीदार: त्यासाठी नाही, वार्दर नदीपलीकडच्या जुन्या बाजारासाठी. दगडी पूल ओलांडून चढावर स्वेती स्पास चर्च. बाहेरून बुटकं, कारण निम्मं जमिनीखाली आहे. उस्मानी राजवटीत चर्चने मशिदीपेक्षा उंच व्हायचं नाही. आत अक्रोडाच्या लाकडात कोरलेला पडदा (वेदीपुढची आडभिंत), आणि त्यात कारागिरांनी अवजारं घेऊन बसलेले स्वतःच कोरलेत. जवळच १४९२ ची मुस्तफा पाशा मशीद. सोमवार मात्र टाळा, बरीच संग्रहालयं बंद असतात. बाजारात सुटे देनार लागतात (युरोला साधारण ६१). उरलेले निघण्याआधीच बदला, देशाबाहेर ते कोणी घेत नाही.

पायपीट: पुतळेही वगळू नका. २०१६ मध्ये सरकारविरोधी निदर्शकांनी त्याच प्रकल्पातल्या विजयकमानीवर रंगाचे फुगे फोडले. त्या भपक्यावर खुद्द स्कोप्येकरांचं मत काय होतं, ते तिथेच दिसलं.

चौथरा: बरं, चर्च आणि स्टेशन मान्य. एक मुक्काम. दुसरा ओह्रिडलाच.