ओहायो स्टेट 10, मिशिगन 13: खापर एकट्या किकरवर नको

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या या मॅचमध्ये ओहायोच्या किकरने हुकवलेल्या दोन फील्ड गोलांवर (गोलखांबांमधून मारायच्या 3 गुणांच्या किक; 34 आणि 38 यार्ड) सगळं खापर फोडणं पटत नाही. 30 नोव्हेंबर 2024 ची मॅच ओहायोच्या हातची गेली ती मधल्या फळीत, जिथे दोन्ही संघांचे दांडगे गडी समोरासमोर भिडतात तिथे. चेंडूवाल्याला वाट करून देणाऱ्या ओहायोच्या फळीतले सेंटर मॅक्लॉफलिन आणि लेफ्ट टॅकल सिमन्स दोघंही जायबंदी, समोर मिशिगनच्या बचावातले ग्रॅहम आणि ग्रँटसारखे धिप्पाड टॅकल. तरी ओहायोने चेंडू पुन्हा पुन्हा त्या दोघांच्याच अंगावर नेला! 26 वेळा पळून जेमतेम 77 यार्ड. कडेचे पास अडवणारा मिशिगनचा हुकमी कॉर्नरबॅक विल जॉन्सन खेळतच नव्हता. पास झेलणाऱ्या जेरेमाया स्मिथला कडेने पास देत राहायला हवे होते. उलट मिशिगनने शेवटी आपल्या मलिंग्जला तिसऱ्या डाऊनला (10 यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) चेंडू देऊन पळवून 27 यार्ड काढले आणि 45 सेकंद उरले असताना 21 यार्डांवरून विजयी किक मारली.